नारळ फुटल्यावर थांबलेली गाडी

दादा, तू घरात गेलास. बाजेवर, सगळ्यांच्या देखत. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगते. तू लॉरी चालवायला लागलास त्या दिवसापासून माय म्हणायची, या पोराचा निरोप कुठल्यातरी रस्त्यावरूनच येणार. बिचारी ती धास्ती उराशी घेऊनच गेली. आणि तुला न्यायला आली कोण, तर कावीळ. पंधरा दिवसांत तुझे डोळे पिवळे झाले, अंग वाळलं, आणि पेडगावच्या आपल्या घरात वहिनी ओठांना उसाचा रस लावत असताना तू मान टाकलीस. इतकी वर्षं लॉरी हाकलीस, पण माणसाला काय, कोंबडीलासुद्धा तुझ्या चाकाचा धक्का लागला नाही. भेटायला येणारा प्रत्येक माणूस हेच बोलत होता. "मारोती गाडी बघितल्याबिगर कधी हलला न्हाई. एक तेवढं गोदीच्या लग्नात..." असं म्हणायचे, माझ्याकडे बघायचे आणि गप्प व्हायचे.

परवा तुझे दिवस घालून आम्ही तुझ्याच लॉरीतून घरी आलो. निघताना जे झालं ते मला तुला सांगायचं आहे. दहा वर्षं मी तुझ्याशी एकच भांडण भांडत आले आणि आता कळलं की त्या भांडणात मी सपशेल खोटी होते. हे तुझ्यापर्यंत कसं पोचवू? म्हणून माझ्या लेकीची, सुमनची शाळेची वही ओढून बसले आहे. तू मला परभणीला मावशीकडे ठेवून चौथीपर्यंत शिकवलंस आणि स्वतः शेवटपर्यंत अंगठाच उठवलास. म्हणायचास, "घरात एकजण वाचणारं असलं की बास झालं." तर वाचणारी आज लिहिते आहे. तुला वाचून दाखवायला कुणी नाही, हेही तुझंच नशीब.

तुझं गाडी बघणं मी कितीदा बघितलं असेल! लॉरी लढाईतून सुटून आलेली, हिरव्या रंगाची, नाकाड पुढे काढलेली. जिनिंगवाल्या शेठने ती घेतली तेव्हा पेडगावातली म्हातारी माणसं तिला हात जोडायची. तू मात्र तिला मेंढरासारखी वागवायचास. आबांकडून तू तेवढं एकच शिकला होतास, आणि ते पक्कं शिकला होतास. मेंढरांचा वाडा हलवायच्या दिवशी आबा एकेक मेंढरू धरून उताणं करायचे आणि खुराच्या दोन बोटांमध्ये अंगठा घालून बघायचे. तिथे खडा अडकला तर मेंढरू दोन दिवस चालतं आणि तिसऱ्या दिवशी बसकण मारतं. तू लॉरीवर गेलास आणि मागच्या जोडचाकांच्या फटीत तसाच हात घालायला लागलास. दोन टायरांच्या मध्ये अडकलेला दगड गाडी वेगात असताना सुटला, तर मागून येणाऱ्याचं डोकं फोडतो, असं सांगायचास. लोकांना वाटायचं, हा काहीतरी देवधर्म करतो आहे.

नाकापासून सुरुवात. आधी पाणी, मग तेलाची काडी काढून फडक्याने पुसायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा बघायची. दिव्यांवरची धूळ पुसायची. मग पुढचं चाक, कमानीचे पाटे, एखादा चिरला असेल तर नखाने कळायचा तुला. प्रत्येक चाकाच्या प्रत्येक नटाला पाना लावून बघायचास. लोखंडी सळईने टायर ठोकून कान द्यायचास. मालाचा दोरखंड एका हाताने लोंबकळून ओढायचास. शेवटी चढून ब्रेक दाबायचास, दहा पावलं गाडी पुढे न्यायचास, थांबवायचास आणि मगच काय ते निघायचास. मध्ये कुणी हाक मारली, चहा पुढे केला, की पुन्हा नाकापासून. जिनिंगच्या आवारातले हमाल वैतागून जायचे. कापसाच्या गठाणी भरून ते मोकळे झालेले असत, आणि तू आपला वाकून वाकून बघत फिरतोयस.

"मारोती, गाडी बघायलायस का पोरगी?" एकाने तुला विचारलं होतं.

"पोरगी पसंत पडली न्हाई तर उठून जाता येतं," तू म्हणालास. "हिच्यात बसल्यावर उतारावर कुठं उठून जावं?"

माझी-तुझी पहिली वादावादी याच्यावरूनच. नवीन नवीन लिहायला येत होतं, हात शिवशिवत होता. मी एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्या अक्षरात सगळं उतरवून काढलं. पाणी, तेल, दिवे, चाकं, नट आवळणे, पाटे, दोरखंड, ब्रेक. आणि लॉरीत बसायच्या जागेच्या मागे खिळा ठोकून लावून टाकलं. तू आलास, त्याच्याकडे बघितलंस, हसलास आणि त्याच खिळ्याला स्वतःचा टॉवेल अडकवलास. मला असा राग आला म्हणून सांगू!

"वाचता येत न्हाई म्हणून असं करायलास तू," मी म्हणाले.

"कागद बघणारा गाडी बघत न्हाई, गोदे."

"मग उद्या तू नसलास अन् दुसरा डायवर आला तर?"

"तो त्याच्या हातानं बघंल."

"अन् त्याला ठावंच नसलं तर?"

तू पाना उचललास आणि चाकाकडे गेलास. टॉवेलखाली माझं अक्षर राहिलं, आणि तो वादही तिथेच राहिला.

माझं लग्न निजामाचं राज्य गेल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात झालं. आपल्याकडच्या सगळ्या मुली बैलगाडीतून सासरी गेल्या, मी लॉरीतून जाणार होते. शेठने गाडी दिली होती. मी हळदीच्या अंगाने मैत्रिणींपुढे काय मिरवले! वऱ्हाड पिंगळीच्या पलीकडचं, आपल्यासारखेच धनगर. पण त्यांनी मेंढरं विकून रान केलेलं. नवरदेव विहिरीवरचं तेलाचं इंजिन चालवतो म्हणून आपल्या गावात त्यांचा केवढा रुबाब. लॉरी त्यांच्या जानवशापाशी उभी होती.

दुपारी पाठवणी झाली. आम्हा दोघांना तू पुढे तुझ्या शेजारी बसवलंस. मी मधे, हे दाराकडे. मागे चाळीसभर माणसं, पोत्यांवर सासूबाई, भांडी, रुखवताची ताटं. आमच्या चुलत सासऱ्यांनी चाकावर नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. तू गाडी सोडलीस. लिंबू चिरडलं, वाजंत्री वाजली, वहिनी ओक्साबोक्शी रडत धावत होती. मी मान खाली घालून रडत होते, त्यामुळे मला फक्त मांडीवरचे हात दिसत होते. माझे मेंदीचे, यांचे हळदीचे. यांच्या बोटांना काळं लागलं होतं आणि हे ते गुपचूप शेल्याच्या टोकाला पुसत होते. ज्याच्याबरोबर जन्म काढायचा त्या माणसाचं मला पहिल्यांदा दिसलं ते एवढंच, म्हणून ते माझ्या ध्यानात राहिलं.

तीस-चाळीस पावलं गेली असतील. तू गिअर टाकायला हात खाली आणलास आणि तो तसाच राहिला. मग करकचून ब्रेक लागला आणि मागची भांडी खणाणली.

सीटखालचं फडकं काढून तू यांच्या मांडीवर टाकलंस. "दाजी, हात पुसा," म्हणालास आणि उतरलास. मला वाटलं, काय माणूस आहे हा, बहिणीची पाठवणी चालली आहे आणि याला हात पुसायचं सुचतंय. हेही तुझ्या मागोमाग उतरले. मी एकटी बसून राहिले.

मागे गलका उडाला. "आरं, नारळ फुटलाय! चाक थांबवू नगस!" सासूबाईंचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो असा. चुलत सासरे खाली उडी मारून आले. "मारोती, काय आक्रीत करायलास? नारळ फोडून निघालेली गाडी थांबवत्यात व्हय?"

"मामा, हात जोडतो. जरा दम धरा," तू म्हणालास. "चुकी माझी हाय. सकाळी बघायचं राहिलं."

सगळ्या वऱ्हाडाने ते ऐकलं. आपल्या गावाने ऐकलं. मी ऐकलं. तू डाव्या बाजूच्या मागच्या चाकापाशी पाना घेऊन बसलास, आणि ते झाल्यावरही तुझं समाधान नाही. पुन्हा नाकापासून. पाणी, तेल, दिवे. वर भर उन्हात माणसं तळतळत होती, आणि तू कुणाकडे न बघता एकेक चाकाला हात लावत फिरत होतास. नवरीचा भाऊ, डोक्याला गुलाबी फेटा, आणि कोपरापर्यंत काळे हात.

दिवेलागणीच्या आत सुनेने उंबरा ओलांडायचा असं सासूबाईंनी देवाला बोललेलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा दिवे लागले होते. मला शेजारच्या घरी ठेवलं, आणि माप ओलांडलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. सासरची पहिली रात्र मी दुसऱ्याच्या घरात, अनोळखी बाईच्या गोधडीत काढली. तुला शिव्या देत काढली, दादा.

पुढच्या वर्षी माझं पहिलं बाळ आठ दिवसांचं होऊन गेलं. सासूबाई तशा वाईट नव्हत्या. दुःख झालं की माणूस कारण शोधतं, आणि त्यांना कारण सापडायला लांब जावं लागलं नाही. "नारळ फुटल्यावर चाक थांबलं, तवाच माझ्या काळजात चर्र झालं व्हतं," त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. मी चौथी शिकलेली, पण मलाही ते पटलं. दुसरं काही पटवून घ्यायला जवळ नव्हतंच. तू आलास. बाळासाठी आपल्याच मेंढरांच्या लोकरीचं लहान घोंगडं विणून घेतलं होतंस. बाळ गेलं हे तुला वाटेत कुणी सांगितलंही नव्हतं. दारात उभा राहिलास, आणि मी तुला आत ये म्हणाले नाही.

मी म्हणाले, "दादा, जगाचा माल नेताना तू खिळा न् खिळा बघतोस. माझ्या पाठवणीचीच गाडी बघायची राहिली तुझी?"

तू घोंगडं कोनाड्यात ठेवलंस. "व्हय गं," म्हणालास. "माझंच चुकलं."

हे मागेच उभे होते. एक शब्द बोलले नाहीत.

मग तीन भाऊबिजा. आमच्या घराला फाट्यावरून वाट फुटते आणि अंगणातून फाटा सरळ दिसतो. तू लॉरी फाट्यावर उभी करायचास आणि भोंग्याचा रबरी गोळा तीनदा दाबायचास. मी बोलवावं मग तू यावंस, एवढा मान तू माझ्या रागाला दिलास. मी चुलीपुढून उठले नाही. भोंगा ऐकू आला की हे खांद्यावर टॉवेल टाकून रानात निघून जायचे. मला वाटायचं, माझ्या बाजूने यांनाही तुझा राग आहे, आणि तेवढ्यापुरतं मला यांचं कौतुक वाटायचं. मूर्ख मी. तू किती वेळ थांबत होतास ते मी कधी बघितलंही नाही. काही वेळाने इंजिनाचा आवाज यायचा आणि लांब जायचा.

चौथ्या वर्षी सुमन झाली. तू भोंगा न वाजवता सरळ अंगणात आलास, पाळण्यातल्या पोरीकडे बघितलंस आणि म्हणालास, "हिची चारी चाकं नीट हायत." मी हसले आणि मग रडले. त्या वर्षी ओवाळलं तुला. पण माझी जीभ काही सरळ झाली नाही. दरवर्षी ताट खाली ठेवताना एक टोमणा ठरलेला. "आज गाडी बघून आलास का, का राहिलं?" तूही हसून म्हणायचास, "राहिलं गं. माणूसच हाय." हमाल तुला रोज हेच विचारायचे, हे मला वहिनीकडून नंतर कळलं. ज्या गोष्टीसाठी तुझं नाव होतं, नेमक्या त्याच गोष्टीवरून तुझी टिंगल. आणि तरी तू पुन्हा नाकापासून. एक दिवस चुकवला नाहीस.

शेवटच्या आजारात मी तुझ्या उशाशी बसले होते. हे दारात उभे होते. तू शुद्धीवर होतास. मी तुझे पाय चेपत विचारलं, "दादा, आता टोमणा न्हाई मारत. खरं सांग, त्या दिवशी बघायचं कसं काय राहिलं तुझं?" तू माझ्याकडे नाही, दाराकडे बघितलंस. मग म्हणालास, "पाणी दे." मी पाणी दिलं. एवढंच आपलं शेवटचं बोलणं.

आता परवाचं सांगते. दुपारी तुझ्या दारातून निघायचं होतं. शेठने लॉरी पाठवली होती, नवा ड्रायव्हर जालिंदर. भला माणूस आहे, आजवर परभणीच्या एका डॉक्टरांची मोटार चालवायचा. मागे हे, सासूबाई, गावचे आठदहा जण, पुढे मी आणि सुमन. तुझा टॉवेल अजून खिळ्यालाच होता. जालिंदरने तो अदबीने काढून वहिनीच्या हातात दिला, आणि खाली माझं अक्षर निघालं. दहा वर्षांहून जुनं, धुरकटलेलं, पण वाचता येण्यासारखं.

"हे बरं झालं," तो म्हणाला. "मारोतीदादा गाडी बघितल्याबिगर हलत नव्हते म्हणं." आणि कागद हातात घेऊन मोठ्याने वाचत खाली उतरला. पाणी. तेल. दिवे. मला भरून आलं. मनात म्हणाले, बघ दादा, माझा कागद शेवटी कामाला आलाच.

"नट आवळणे," त्याने वाचलं आणि पाना घेऊन डाव्या बाजूला गेला.

"हात लावू नका!" हे असे ओरडले की सुमन दचकून मला बिलगली. एरवी हा माणूस बैलावरसुद्धा आवाज चढवत नाही. हे मागून उडी मारून त्याच्यापाशी धावले. "डाव्या अंगाचे नट उलटे आवळायचे असत्यात ह्या गाडीला. तुमी सुलटे फिरवले तर ढिले व्हतील."

"मला काय ठावं, दाजी? मोटारीला तसं नसतंय. अन् कागदावर न्हाई ते."

मी खाली उतरले. वरून सासूबाई म्हणाल्या, "पुन्हा तेच का? निघायच्या वख्ताला ह्या चाकापाशी काय ठेवलंय तुमी लोकांनी?"

हे त्या चाकापाशी उकिडवे बसले. पाना घेतला, पण फिरवला नाही. मग मान वर न करता बोलले. "माय, त्या दिवशी ह्याच चाकाचे नट म्या फिरवले व्हते."

कुणाला काही कळेना.

"लग्नाच्या दिवशी. मारोतीदादानं सकाळी सगळी गाडी बघितली व्हती. म्या जानवशापाशी उभा राहून बघत व्हतो. तो गेल्यावर दोस्त म्हणाले, नवरदेवा, तुझ्या इंजिनाला चाकं न्हाईत, तुला यातलं काय कळतंय. मला चेव आला. पाना घेतला. जोर लावला तसा नट फिरला. म्हणलं, बघा, ढिलाच व्हता. सगळे फिरवले. आवळायलोय असं वाटत व्हतं मला, अन् म्या ढिले करायलो व्हतो." यांनी हात पुढे केले, दहा वर्षांनी त्यांना अजून काळं लागलेलं असावं तसे. "त्यानं गाडीत माझे हात बघितले."

दाजी, हात पुसा.

"ह्याच जागेवर बसून त्यानं नट आवळले. दोन तर बोटानं फिरायलते. ओढ्याच्या उतारावर चाक निघालं असतं. म्या म्हणलं, सांगतो सगळ्यांना. तर म्हणाला, 'दाजी, गोदीला तुमच्या घरात नांदायचंय. पहिल्याच दिवशी नवऱ्याला सगळ्यांनी हसलं तर तिला जड जाईल. माझं काय, म्या उद्या पुन्हा गाडीवर.' अन् मला तिची शपथ घातली."

म्हणजे तू सकाळी बघितलं होतंस. सगळं बघितलं होतंस, आणि नारळ फुटल्यावरही तुझे डोळे बघतच होते. तुझं काही म्हणता काही राहिलं नव्हतं.

मी काय केलं सांगू? रडले नाही. आधी संताप आला. यांचा तर आलाच. माझं बाळ गेलं तेव्हा, तू दारातून परत गेलास तेव्हा, हा माणूस माझ्या पाठीशी उभा राहून गप्प होता. यांच्याशी मी अजून नीट बोलत नाही, आणि हे ते मुकाट सोसतात. पण तुझाही आला, दादा. माझं भलं करायचं तुम्ही दोघांनी परस्पर ठरवलंत आणि माझा भाऊ मला तीन वर्षं तोडायला लावलात. मला विचारायचं होतंस. नवऱ्याला चार माणसं हसली असती तर मी काय मेले असते? मीही हसले असते. तू माझ्या जिभेला ओळखत होतास, माझ्या मनाला ओळखलं नाहीस. हे भांडण मात्र खरं आहे, आणि ते मी सोडणार नाही.

आणि तरी, त्या लॉरीत मी होते. हे होते, सासूबाई होत्या, चाळीसभर माणसं होती. ओढ्याचा तो उतार मी परवाही बघितला. तू अपशकुनाला भिऊन पुढे गेला असतास तर सुमन कुठून आली असती? बाळ का गेलं ते कुणालाच माहीत नाही. पण ते नारळामुळे गेलं नाही, एवढं मला आता कळतं. तुझ्यावर घातलेलं ते ओझं मी काढून घेते. फार उशिरा काढते आहे.

सासूबाई वर पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. जालिंदर बावरून म्हणाला, "उशीर होतोय, निघू का?" तेव्हा त्यांचाच आवाज आला. "बघू दे त्याला नीट. पुन्हा पहिल्यापासून बघा. घाई कशाची हाय?"

मी जालिंदरकडून पेन्सिल मागितली आणि कागदावर लिहिलं, डाव्या अंगाचे नट उलटे. इतक्या वर्षांनी माझी यादी पुरी झाली. पण तू म्हणायचास तेही खरं होतं, यादीला कुणाचे काळे हात दिसत नाहीत. कागद मी पुन्हा खिळ्याला लावला, आणि वहिनीकडून तुझा टॉवेल मागून घेऊन त्याच्यावर अडकवला.

परभणी मागे पडली, पिंगळी गेलं. आमचा फाटा आला तेव्हा मी जालिंदरला थांबायला सांगितलं. त्याला वाटलं, इथेच उतरायचं आहे. मी हात लांब करून भोंग्याचा गोळा दाबला. तीनदा.

तिथून आमचं अंगण स्पष्ट दिसतं. चुलीकडचं दारसुद्धा दिसतं. आम्ही सगळेच लॉरीत होतो, घराला कुलूप होतं. तरी मी बघत राहिले. दार उघडलं नाही. कुणी बाहेर आलं नाही. तीन दिवाळ्या तू इथे बसून हेच बघितलंस, दादा.